मर्यादा म्हणजे दुरावा नव्हे
(श्राविका मेळाव्यात केलेले भाषण)



जिंतूरच्या नेमगिरीपासून नवागडपर्यंत यात्रेकरूंचे अगत्य हे आपल्या परभणी जिल्ह्यातील समाजाचे भूषण आहे. परंतु अगत्य करता करता ‘नाही’ हा शब्दच आपण, विशेषतः स्त्रिया, विसरून गेलो आहोत.

एका पर्युषण पर्वात अंगात ताप असताना मी पारण्याच्या स्वयंपाकाला उभी राहिले. सक्ती कोणाचीच नव्हती. ‘लोक काय म्हणतील’ एवढीच भीती होती. भट्टीपाशीच घेरी येऊन पडले. पुढे पंधरा दिवस माझी सर्व कामे वृद्ध सासूबाईंना करावी लागली. माझ्या होकाराचे ओझे अखेर त्यांनी वाहिले.

एवढ्या कामातही सासूबाई रोज दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, सामायिकास बसत. दारी कोणीही आले तरी उठत नसत. त्यांना कोणी स्वार्थी म्हटले नाही. उलट सारे घर हळू बोलत असे. सामायिक आटोपताच पाहुण्यांची विचारपूस प्रथम त्याच करीत.

तेव्हा उमगले की, मर्यादा आपल्या धर्माला परकी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाची व्रते आहेत. दिग्व्रत जाण्यायेण्याची सीमा घालते, देशव्रत ती ठरावीक काळापुरती आणखी आखडते, परिग्रह-परिमाण संग्रहाला आवर घालते. चातुर्मासात मुनिराज विहार थांबवितात. ‘आमच्या गावी का आला नाहीत’ असा दोष आपण त्यांना देत नाही.

मात्र व्रताची सीमा आपण स्वतःस घालतो, दुसऱ्यास नव्हे. म्हणून ‘मला सांगू नका’ असे न म्हणता ‘मला आज एवढेच जमेल’ असे नम्रपणे म्हणावे. मनात नसता दिलेला होकार सत्याला धरून नसतो, आणि त्यातून धुमसणारा क्रोध हा कषायच होय. चूक घडली तर प्रतिक्रमण आहेच. परंतु समोरच्याची नाराजी म्हणजे आपला अपराध नव्हे.

आता मी आधीच सांगते, ‘वाढायला येईन, स्वयंपाकाला नाही.’ पहिल्या वर्षी मन खात राहिले. दुसऱ्या वर्षी दोन तरुण सुनांनी ते काम आनंदाने उचलले. आजारी व संकटग्रस्तांसाठी आपले दार सदैव उघडे असावे. आणि ते उघडता यावे, एवढे बळ आपल्या हातांत शिल्लक राहावे.

जय जिनेन्द्र!