दूरचा सामना आणि जवळचे मैदान

बालाघाटहून घाट चढून बैहरच्या पठारावर आले की सालवृक्षांची दाट राई सुरू होते. कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार तेथून फारसे लांब नाही; भोवताली गोंड आणि बैगा यांच्या वस्त्या. अशा गावातील एखाद्या मुलास अमेरिकेतील बास्केटबॉलचा सामना आज हातातील लहानशा पडद्यावर पाहता येतो. परंतु त्याच्याच जिल्ह्यातील शाळांचे संघ काल कसे खेळले, हे मात्र त्यास त्या पडद्यावर क्वचितच दिसते.

वास्तविक बास्केटबॉलचे प्रक्षेपण सुरू झाले तेच एका स्थानिक केंद्रावरून. 1940 च्या 28 फेब्रुवारीस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून पिट्सबर्ग आणि फोर्डहॅम या विद्यापीठांचा सामना दाखविण्यात आला. पिट्सबर्गने तो 57–37 असा जिंकला. त्या शहरापुरतेच ते प्रक्षेपण होते, आणि संच तरी कितीसे असणार!

या खेळाची जातच अशी की तो लहान केंद्रास परवडावा. मैदान 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद, खेळाडू अवघे दहा, खेळाचा काळ 40 मिनिटे. हॉकीचे मैदान याच्या तिपटीहून अधिक लांब. क्रिकेटचा तर दिवस जातो. बास्केटबॉलला दोन कॅमेरे आणि बरा उजेड एवढ्यावर निभावते.

पुढे अमेरिकेतील सामने पैसे घेऊन दाखविणाऱ्या केबल-वाहिन्यांकडे गेले, आणि ज्यांनी वर्गणी भरली नाही त्यांना आपल्याच गावचा संघ दिसेनासा झाला. 2023 च्या मार्चमध्ये यांतील एका मोठ्या कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी फिनिक्स शहराच्या ‘सन्स’ या संघाने आपले बहुतेक सामने पुन्हा स्थानिक केंद्रांच्या स्वाधीन केले. न्यायालयात वाद झाला, तरी अखेर करार टिकला. संघाने प्रेक्षकांना विनामूल्य अँटेनाही देऊ केले. व्यापारी माणसांना ही उपरती धर्मबुद्धीने झाली असे समजण्याचे कारण नाही. जो खेळ मुलांना दिसत नाही त्याला उद्याचा प्रेक्षक लाभत नाही, हा हिशेब त्यामागे होता.

आपल्याकडे याचा विचार वेगळ्या वाटेने झाला. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात दिला. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. त्यामुळे विश्वचषकाचा सामना बैहरच्या छपरावरील तबकडीस फुकट मिळू शकतो. पण बैहरचे मैदान बालाघाटला दिसावे, याची तजवीज त्या कायद्यात नाही. तो त्याचा विषयच नव्हता.

गावच्या केंद्राचा प्रयोग या देशात झालाच नाही असे मात्र नव्हे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे 1975 मध्ये अंतराळ संशोधन संस्थेने अवघ्या एक किलोवॅट शक्तीचे केंद्र उभारले. शेतमजुरीचे दर, अस्पृश्यता, गावातील तंटे हे त्याचे विषय. खेड्यांतील माणसेच त्याच्या नाटिकांत उभी राहिली. सामुदायिक संचांपुढे लोक जमत. सुमारे दशकभर ते चालले, आणि ते हलविण्याचे ठरले तेव्हा लोकांनी विरोध केला. याउलट, पुढे देशभर उभारलेले दूरदर्शनचे बहुतेक लहान मनोरे दिल्लीचा कार्यक्रम पुढे ढकलण्यापुरतेच होते. आता तर त्यांपैकी बहुतेक मनोरे बंद झाले आहेत.

आकाशवाणीचे बालाघाट केंद्र अद्याप आहे. मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरूनच घरोघरी नेले. त्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी मैदान कधी पाहिलेही नसेल. बास्केटबॉलचा वेग शब्दांत पकडणे त्याहून अवघड, हे खरे. चेंडू टोपलीत पडेपर्यंत निवेदकाचे वाक्य अर्धेच झालेले असते. तरी जिल्ह्याच्या अंतिम सामन्याची शेवटची दहा मिनिटे, खेळणाऱ्या मुलामुलींची नावे आणि त्यांच्या गावांची नावे, एवढे सांगण्यास मनोरा लागत नाही आणि कायदाही आड येत नाही. लागतो तो एक ध्वनिग्राहक आणि मैदानाच्या कडेला एक खुर्ची.