तिन्हीसांजेची खूण
(अंबड येथे माता-पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



मत्स्योदरीदेवीच्या या अंबडनगरीत तिन्हीसांजेला घरोघरी देवापुढे दिवा लागतो. त्याच वेळी अंगणातून आत येणारे मूल उंबरठ्याला अडखळत असेल, ताटातला घास चाचपडत असेल, तर त्याला धांदरट म्हणून रागावू नये. दुसऱ्या दिवशी स्वच्छ उजेडात त्याचे डोळे पाहावेत.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नेत्रश्लेष्मला हे पातळ, ओलसर आवरण असते. आहारात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की ते कोरडे होते आणि बुबुळाच्या कानाकडील बाजूस फेसासारखा, बहुधा त्रिकोणी डाग उमटतो. पिएर बिटो या फ्रेंच वैद्याने १८६३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘बिटोचा डाग’. तो दुखत नाही, खाजत नाही. म्हणूनच दुर्लक्षिला जातो. सोबत रातांधळेपणा असेल तर एक दिवसही दवडू नये. उपचाराविना बुबुळ मऊ पडून गळून जाऊ शकते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. गोवर किंवा दीर्घकाळच्या जुलाबानंतर हा धोका वाढतो.

परंतु प्रत्येक डाग बिटोचा नव्हे. कोरड्या उन्हाळ्यात मूल सतत डोळे चोळते, डोळ्यांतून तारेसारखा चिकट स्राव येतो, बुबुळाच्या कडेला जाडसर सूज दिसते. ती बहुधा अॅलर्जी असते. त्याच कडेवरील पिवळसर-पांढरी पुळी क्वचित शरीरातील क्षयरोगाचीही सूचक ठरते. कारणे निरनिराळी, उपचारही निरनिराळे. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब खाज थांबवतात खरे. मात्र देखरेखीविना दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू ओढवू शकतात. आईने खूण ओळखावी, निदान नेत्रतज्ज्ञाने करावे.

प्रतिबंध मात्र घराच्या हाती आहे. शासनाच्या लसीकरण कार्यक्रमात नवव्या महिन्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे १ लाख एकक आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, असे पाच वर्षांपर्यंत ९ डोस दिले जातात; त्यांतील एकही चुकवू नये. या भागातील मोसंबी गुणकारी आहे, पण ती ‘क’ जीवनसत्त्वासाठी. ‘अ’साठी शेवग्याचा पाला, मेथी, लाल भोपळा, पपई हवी, भाजीला थोडे तेलही हवे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धांशासोबतच अंगी लागते.

देवापुढची ज्योत मालवू नये म्हणून आपण हाताचा आडोसा धरतो. लेकरांच्या डोळ्यांतील दोन ज्योतींनाही तोच आडोसा हवा आहे.