ई-क्लासचा निकाल पूर्ण वाचा
(बुलडाणा जिल्ह्यातल्या तरुणांपुढं केलेलं भाषण)



मेहकर, लोणार, चिखली, कुठंही जा. ई-क्लास म्हणजे गायरान कसणाऱ्याला एकच ऐकवतात : सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उठा.

निकाल आहे. २८ जानेवारी २०११, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब. पण खटला कुणाचा? पतियाळा जिल्ह्यात गावतळं बुजवून घरं बांधणाऱ्यांचा. कोर्टानं त्यांना हाकललं, बरं केलं. त्याच निकालात शेवटाकडं लिहिलंय : भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं पट्टा दिला असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल.

हे वाक्य आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. गोदीत मी कागदाची खालची ओळ वाचल्याशिवाय सही करत नाही.

२०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका घेतली, अतिक्रमणं हटवायला सांगितलं. राज्यात ती दोन लाखांवर. तळं बुजवणारा धनदांडगा आणि तिफन हाकणारा भूमिहीन, दोघं एकाच यादीत!

पण २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णयही सरकारचाच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करा, असं तो सांगतो. त्यामागं दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंग भरणारे आपले आजे-आज्या आहेत.

म्हणून नोटीस आली की रडू नका. पेटी उघडा. दंडाची जुनी पावती, पंचनामा, पीकपेरा काढा. ज्या पावतीनं बापाला चोर ठरवलं, तीच आज कब्जाचा पुरावा आहे.

आणि विचारा : पट्टा तुम्ही लिहून दिला नाही, मग शिक्षा आम्हाला का?