धन, ऋण आणि पत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकवले. चक्रवाढ व्याजाच्या घटकचाचणीत मला पंचवीसपैकी पंचवीस गुण मिळाले होते, आणि तरीही वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी व्याजाच्या गाळात कंबरेपर्यंत रुतलो. सूत्र पाठ असणे आणि ते स्वतःच्या संसाराला लावणे यांत किती अंतर असते, हे मला अनुभवाने शिकावे लागले. त्या अंतराविषयी आज बोलणार आहे.

ऋणसंख्या शिकवताना सर ब्रह्मगुप्ताचे नाव घेत. इसवी सन ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याने बेरीज-वजाबाकीचे नियम ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांत मांडले. शून्याच्या एका बाजूला संपत्ती, दुसऱ्या बाजूला कर्ज. गणिताला कर्जाची लाज वाटत नाही. त्याच्या लेखी ते केवळ एक चिन्ह आहे. आपली भाषा मात्र तेवढी तटस्थ नाही. देणाऱ्याला ती ‘उत्तमर्ण’ म्हणते आणि घेणाऱ्याला ‘अधमर्ण’. कर्ज घेतले की माणूस शब्दकोशातच अधम ठरतो. ही लाज मला व्याजापेक्षा महाग पडली.

२००६ साली धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. नोकरी बरी होती, खिशात दोन क्रेडिट कार्डे होती. साध्या कार्यालयात लग्न झाले असते. पण ‘आपल्याला शोभेल असे’ करायचे मीच ठरवले. पुढे घरात नवा फ्रीज आला, टीव्ही आला. दरमहा बिल येई. त्यात दोन आकडे असत : एक संपूर्ण देणे, दुसरा किमान देय रक्कम. मी दुसरा आकडा भरत असे आणि वेळेवर भरतो म्हणून स्वतःला प्रामाणिक समजत असे.

या किमान रकमेचा हिशेब आजच्या दराने मांडून पाहू. समजा, बिल १,००,००० रुपयांचे आहे, किमान देय पाच टक्के म्हणजे ५,००० आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के. तुम्ही ५,००० भरले, उरले ९५,०००. त्यावर महिन्याचे व्याज ३,३२५ रुपये, आणि व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ५९८ रुपये ५० पैसे. पुढचे बिल ९८,९२३ रुपये ५० पैशांचे येते. पाच हजार खिशातून गेले, कर्ज मात्र १,०७६ रुपये ५० पैशांनीच उतरले. शिवाय देणे थकीत असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

काहीच भरले नाही, तर साडेतीन टक्क्यांच्या या दराने मूळ रक्कम सुमारे वीस महिन्यांत दुप्पट होते. आपल्याकडे ‘दामदुपटी’चा जुना नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असे तो सांगे; मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानीत. आजच्या बँकेच्या कर्जाला त्याचा आधार नाही. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घातले गेले. केवळ व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ते सांगते. म्हणजे दामदुपटीची राखण आता ज्याची त्यानेच करायची आहे.

२००८च्या अखेरीस माझ्या कंपनीने तीन महिने पगार थकवला. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. घरात फोन वाजला की मी गॅलरीत जात असे. पत्नीला वाटे, कचेरीचे काम आहे. अशा दिवसांत एका संध्याकाळी सूरसागरच्या काठी सर भेटले. चेहरा पाहूनच त्यांनी विचारले, “काय रे, झोपत नाहीस का?” मी आधी टाळले, मग सगळे सांगून टाकले. त्यांनी उपदेश केला नाही. एकच प्रश्न विचारला : “मुद्दल किती?”

मला सांगता येईना. दर महिन्याला किती भरायचे, ते मला पाठ होते. एकूण किती खर्च केला, किती भरले, किती उरले, हे मी कधी एका कागदावर लिहिलेच नव्हते. सर म्हणाले, “उद्या सगळी बिलं घेऊन घरी ये. आणि एक वही आण, चौकटीची.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही सव्वीस महिन्यांची बिले मांडली. प्रत्यक्ष खरेदी निघाली १,८०,००० रुपयांची. मी भरले होते १,५०,०००. देणे अजून शिल्लक होते १,२०,०००. मधले ९०,००० रुपये व्याज, दंड आणि कर यांत गेले होते. सरांनी तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला आणि विचारले, “बायकोला ठाऊक आहे?” मी मान हलवली. “मग आजचा गृहपाठ तो,” ते म्हणाले.

त्या रात्री मी वही पत्नीसमोर ठेवली. ती बराच वेळ वाचत होती. मग तिने कपाटातून आईने दिलेल्या पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाली, “पाटल्या चालल्या त्याचं काही नाही. दोन वर्षं तुम्ही एकटेच हिशेब करत बसलात, त्याचं वाईट वाटतं.” पाटल्या बँकेत गहाण ठेवून वर्षाला बारा टक्क्यांनी पैसे उचलले आणि महिन्याला तीन टक्के खाणारे मोठे कार्ड फेडले. कर्ज तेवढेच राहिले, पण व्याज एक तृतीयांश झाले. पाटल्या दीड वर्षाने सुटल्या.

दुसऱ्या कार्डावर ४५,००० रुपये होते. वसुली अधिकारी म्हणाला, “तीस हजार भरा, प्रकरण मिटवू.” पंधरा हजार वाचले म्हणून मी खूश झालो. २०१३ साली घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा त्या खूशीची किंमत कळली. पतमाहिती कंपनीच्या अहवालात माझे खाते ‘पूर्ण फेडले’ असे नव्हते, ‘तडजोडीने मिटवले’ असे होते. अर्ज नामंजूर झाला. उरलेली रक्कम भरून, ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घेऊन नोंद सुधारेपर्यंत बराच काळ गेला, आणि तोवर घरांचे भाव पुढे निघून गेले होते. ३०० ते ९०० यांच्यामधला तो गुणांक म्हणजे आजच्या काळातली पत. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून वाचा. चुका त्यांच्याही होतात.

मित्रहो, कर्जाच्या कागदाची ही कथा आपल्या प्रांताला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. म्हणजे सरांचा प्रश्न कायद्यानेही विचारला होता : मुद्दल किती? त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांना रोखा वाचता येत नव्हता. मला वाचता येत होता आणि मी वाचला नाही. दोष कोणाचा मोठा, ते तुम्हीच ठरवा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार, किरकोळ कर्ज देताना सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एका निवेदनात, ऋणकोला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. क्रेडिट कार्डाची येणी मात्र त्यातून वगळली आहेत. हे निवेदन मागून घ्या. ‘सरळ बारा टक्के’ म्हणून तीन वर्षांसाठी दिलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता ३,७७८ रुपये येतो. मुद्दल दरमहा घटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारले जाते, म्हणून त्याचा खरा दर वर्षाला सुमारे एकवीस टक्के पडतो. आणि मित्राला जामीन राहताना आठवण ठेवा : १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते. ती सही म्हणजे नुसती ओळख नव्हे.

शेवटी आपल्या गावाविषयी. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने याच बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला १९०४ साली. आपली मंडळी त्याच्या पंधरा वर्षे आधीची. तिच्या नावाकडे पाहा. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. अडचण एकमेकांना सांगावी, पैसा एकमेकांत फिरावा, हा त्यातला भाव आहे. मी कर्ज घेतले ते लोकांना दाखवण्यासाठी, आणि बुडत होतो तो लोकांपासून लपवण्यासाठी. व्याजाला वाढायला काळोख लागतो. माझ्या घरात तो मीच करून ठेवला होता.

मुख्याध्यापिकाबाईंना माझी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलांना चक्रवाढ व्याजाचा धडा शिकवाल, तेव्हा एक शनिवार मला द्या. माझी ती सव्वीस बिले आणि सरांच्या अक्षरातली ती वही मी जपून ठेवली आहे. नाव झाकून नव्हे, नावासकट मुलांसमोर ठेवीन. त्यांना त्यातले मुद्दल शोधू द्या.

सरांचे ऋण आहेच. ते मात्र फिटू नये, अशी इच्छा आहे.