लांकडी जमीन आणि तिच्या पोटांतील ऊब

आपल्याकडे जमिनीपासून माणसाची अपेक्षा असते ती गारव्याची. वैशाखांत शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून तिच्यावर अंग टाकावें, यापरतें सुख नाहीं. परंतु जेथें वर्षाचे पांच-सहा महिने थंडीशीं झुंज असते, तेथें हीच अपेक्षा उलटी होते. रोमन लोक विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून तिच्याखालून भट्टीची उष्ण हवा खेळवीत. कोरियांत ‘ओंडोल’ पद्धतीनें चुलीचा धूर जमिनीखालून नेत. सांप्रत जर्मनींतील पुष्कळ नव्या घरांत जमिनीच्या पोटांत कोमट पाण्याच्या नळ्या असतात. नळ्यांवर सिमेंट-वाळूचा कोबा आणि कोब्यावर लांकडी फळ्या. या तिघांचा संसार कसा जुळतो आणि कशानें मोडतो, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

हें मी केवळ पुस्तकांतून सांगत नाहीं. दाम मोजून शिकलों आहें. नोकरीनिमित्त कांहीं वर्षें मी श्टुटगार्टजवळ राहिलों व तेथें घर बांधलें. सांगलीहून आई हिवाळ्यासाठीं यावयाची होती. तिचे गुडघे दुखत. पण जमिनीवर मांडी घालून बसल्यावांचून तिला घर घरासारखें वाटत नसे. ही ऊबदार जमीन मीं मुख्यत्वें तिच्यासाठींच करविली.

कोबा टाकून पांच आठवडे झाले होते. हाताला तो खडखडीत कोरडा लागत होता. नळ्यांत ऊब सोडून त्याची रीतसर परीक्षाहि झाली होती. युरोपीय मानकाप्रमाणें सिमेंटचा कोबा टाकल्यावर निदान २१ दिवस नळ्या तापवीत नाहींत. मग २० ते २५ अंशांचें पाणी तीन दिवस आणि ठरलेल्या कमाल उष्णतेचें पाणी चार दिवस फिरवितात. हें सर्व झालें, म्हणजे कोबा वाळला, अशी माझी समजूत. ती चुकीची होती. ही परीक्षा कोबा उष्णता सोसतो कीं नाहीं याची; तो वाळला कीं नाहीं याची नव्हे.

फळ्या बसविणारा वृद्ध कारागीर आला. त्यानें मोजमापासाठीं खुणा करून राखलेल्या जागीं छिन्नी चालविली; भलत्याच ठिकाणीं चालविली तर नळीच फुटावयाची. खोलवरचा तुकडा काढून त्यानें तो कुटला, त्यांतील ५० ग्रॅम चूर्ण पोलादी बाटलींत भरलें, सोबत पोलादी गोळ्या व कार्बाइडची कांचकुपी टाकली आणि बाटली खळखळून हालविली. पूर्वीं जत्रेंतील दुकानांवर जो कार्बाइडचा दिवा जळे, त्यांतलाच हा पदार्थ. पाणी भेटलें कीं त्यांतून वायु सुटतो. चूर्णांत पाणी जितकें अधिक, तितका बाटलींतील दाब अधिक. तबकडीवरील आंकडा होता २.६. तापणाऱ्या सिमेंट-कोब्यावर लांकूड बसवावयाचें तर तो १.८ हून अधिक चालत नाहीं. “आणखी थांबावें लागेल,” म्हातारा म्हणाला.

मला थांबावयाचें नव्हतें. जुन्या घराचें भाडें चालूं होतें, आईचें तिकीट निघालें होतें. मीं आग्रह धरला, तेव्हां त्यानें आपली शंका कागदावर लिहून दिली. असें लेखी बजावणें हें तेथील कारागिराचें कर्तव्यच समजतात. मीं तो कागद खणांत टाकला आणि दुसऱ्या माणसाकडून फळ्या बसवून घेतल्या.

आतां लांकडाचा स्वभाव पाहा. कोंकणांत पावसाळ्यांत दारें फुगतात, कडी लागत नाहीं. उन्हाळ्यांत त्याच दारांतून उजेड दिसतो. झाड तोडलें तरी लांकूड हवेंतील ओल घेतें आणि सोडतें. जर्मनींत मात्र कोरडा ऋतु घरांत येतो तो हिवाळ्यांत. बाहेरची शून्य अंशाची हवा घरांत २० अंशांपर्यंत तापविली, कीं तिची सापेक्ष आर्द्रता शेंकडा तीसच्याहि खालीं जाते. ओकच्या १४० मिलिमीटर रुंद अखंड फळींतील ओल शेंकडा तीन अंशांनीं उतरली, तर ती सुमारें दीड मिलिमीटरपर्यंत आकसते. माझ्या घरीं वरून ही कोरडी हवा, आणि खालून कोब्यांतील कोंडलेलें पाणी ऊब मिळतांच वर निघालेलें. फळीचा तळ फुगला, पाठ आकसली. कडा उचलून प्रत्येक फळी पन्हळासारखी झाली.

नोव्हेंबरांत आई आली. तिनें फळ्यांवरून हात फिरविला, सारी हकीकत ऐकली आणि म्हणाली, “अरे, पापड वरून वाळलेला दिसला म्हणून ओलाच डब्यांत भरलास कीं!” जी गोष्ट मला यंत्रानें सांगूनहि पटली नाहीं, ती तिला वाळवणाच्या अनुभवानें ठाऊक होती.

सर्व जमीन उखडावी लागली. तो हिवाळा आईनें एका कोपऱ्यांतल्या खोलींत, खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून काढला. मी त्याच वृद्ध कारागिराकडे गेलों. मागच्या कागदाविषयीं तो एक अक्षर बोलला नाहीं. नळ्यांची ऊब चालूं ठेवून, खिडक्या वेळोवेळीं उघडून त्यानें कोबा वाळविला, आंकडा १.६ वर उतरल्यावरच काम घेतलें. अखंड फळीऐवजीं त्यानें थरांची फळी निवडली: वर ओकचा पातळ थर, खालीं आडव्या रेषांचे थर, जेणेंकरून एकाची ओढ दुसऱ्यानें धरावी. बीच व मेपल हीं लांकडें ओलीला फार लवकर हलतात, म्हणून तीं वर्ज्य केलीं. फळी सबंध पाठीनें कोब्याला चिकटविली. मध्यें हवा राहिली तर ऊब अडते. भिंतीलगत बोटभर फट सोडून ती पट्टीनें झांकली, म्हणजे लांकडाला हातपाय पसरावयास जागा राहिली. जमिनीच्या पृष्ठाची उष्णता २९ अंशांच्या वर जाऊं देऊं नये, ऊब हळूहळू वाढवावी, जाड गालिचे पसरूं नयेत, हेंहि त्यानें बजावलें.

पुढल्या हिवाळ्यांत आई पुन्हां आली. बाहेर बर्फ पडत होतें आणि ती त्या जमिनीवर मांडी घालून तांदूळ निवडीत बसली होती. श्रोतेहो, घर बांधतांना पैसा उसना मिळतो, माणसें उसनीं मिळतात; वाळण्याचा काळ तेवढा उसना मिळत नाहीं. तो ज्याचा त्याला द्यावाच लागतो. माझ्या आईच्या एका हिवाळ्यानें मला तो द्यावा लागला.