व्यायामशाळेची वर्गणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृतींवर, भजनांवर, बचतीवर बोलायला पुष्कळजणी पुढे येतात. ‘जिमला पैसे भरावेत की नाही’ हा विषय मात्र चिटणीसबाईंनी माझ्या गळ्यात घातला. या बाबतीत ठेच लागलेली बाई त्यांना हवी होती, आणि ती शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नाही!

गोष्ट अशी झाली. माझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. तिच्या शुश्रूषेत असताना एकदा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “आईंचं वय झालंय, पण तुमची आता पन्नाशी आहे. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. तुम्ही आत्ताच जपा.” ते शब्द मनाला लागले. त्याच आठवड्यात मी घराजवळच्या एका जिममध्ये गेले. महिन्याचे 1,600 रुपये, आणि वर्षाचे एकदम भरल्यास 12,000, असा दर होता. म्हणजे महिन्याला 1,000च पडले, 600 वाचले! कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी मी, पावती घेऊन मोठ्या विजयी मुद्रेने घरी आले.

पहिल्या महिन्यात 17 दिवस गेले, दुसऱ्यात 9, तिसऱ्यात 4. मग दिवाळी आली, पाठोपाठ पाहुणे, मग नणंदेच्या मुलीचे लग्न. पुढे पुढे तर त्या रस्त्याने जायचीही लाज वाटू लागली. वर्षअखेर हिशेब मांडला तो असा : 30 दिवस, 12,000 रुपये, दर दिवसाचे 400! महिन्यामहिन्याला भरले असते, तर तीन महिन्यांच्या 4,800 रुपयांत सुटले असते.

ही फजिती माझ्या एकटीचीच नाही, हे मागाहून कळले. डेलाव्हिन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जिमच्या सभासदांचा अभ्यास करून तो 2006 साली प्रसिद्ध केला. दरमहा 70 डॉलरांहून अधिक भरणाऱ्यांना प्रत्येक खेप सरासरी 17 डॉलरांच्या वर पडत होती. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता, तर एक खेप 10 डॉलरांत झाली असती! माणूस वर्गणी भरताना आपण किती दिवस गेलो हे पाहत नाही, किती दिवस जाणार हे मनात धरतो.

तेव्हा ‘हे खर्च आपल्यासारख्यांसाठी नव्हेतच’ असे म्हणून मी वही मिटणार होते. पण मागची पाने चाळली. मुलाच्या क्लासची फी होती, स्कूटरची सर्व्हिसिंग दरवर्षी बिनतक्रार लिहिलेली होती. माझ्या नावावर काय? एक चष्मा आणि गुडघ्याला लावायचे मलम! आपल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 1890च्या दशकात पुण्यात तरुणांना जमवून व्यायामाचे धडे दिले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण तालीम म्हणजे पुरुषांची जागा, ही समजूत पुढेही कितीतरी वर्षे टिकली. बाईचे शरीर कामाने झिजते. त्याच्या देखभालीचा रकाना आमच्या वहीत कुणी आखलाच नव्हता. मीही नाही.

मग मी चौकशी केली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे की, प्रौढ माणसाने आठवड्यात निदान 150 मिनिटे बऱ्यापैकी श्रमाचा व्यायाम करावा, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. यातला पहिला भाग भरभर चालण्याने साधतो. त्यासाठी निगडीची दुर्गा टेकडी आहे, महानगरपालिकेची उद्याने आहेत. वर्गणीची गरज नाही. दुसरा भाग मात्र नुसत्या चालण्याने पुरा होत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला तळवे लावून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, इथून घरी सुरुवात करता येते. रक्तदाब असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. वजन कसे उचलावे, केव्हा वाढवावे, हे शिकवणारे माणूस हवे असेल तरच जिमचे पैसे सार्थकी लागतात.

म्हणून माझे सांगणे एवढेच : आधी एक महिना घरी करा, आणि केलेल्या दिवसांवर कॅलेंडरात खूण करा. खुणा दिसल्या तर एकाच महिन्याचे पैसे भरा. जिम चालत जाण्याजोगी आहे का, बायकांची वेळ आपल्या स्वयंपाकाच्या आड येते का, मध्येच गावी गेल्यास दिवस पुढे धरतात का, हे आधी विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. दर करासह विचारा. महिना संपला की वर्गणीला गेलेल्या दिवसांनी भागा, जायच्या म्हटलेल्या दिवसांनी नव्हे!

मी आता शेजारणीबरोबर आठवड्यातून दोनदा जाते आणि दर महिन्याला 1,600 भरते. आठ दिवस होतात. दिवसाचे 200 पडतात. वर्षाच्या दरापुढे हे महाग दिसते, पण माझ्या आधीच्या वर्षाच्या निम्मे आहे. महिना संपला की पुन्हा विचार करते, आणि पुन्हा भरते.

परवा आईला पलंगावरून खुर्चीत बसवले, तेव्हा पहिल्यांदाच मला ह्यांना हाक मारावी लागली नाही. आई म्हणाली, “तुझे हात आता घट्ट लागतात गं.” त्या दिवशी वहीत मी एक नवा रकाना आखला आणि वर माझे नाव लिहिले. भगिनींनो, रक्कम किती ती ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, शून्य असली तरी चालेल. पण रकाना मात्र प्रत्येकीने आखावा.