नव्या शिक्षिकेची शिदोरी



नवी शिक्षिका वर्गात येते तेव्हा तिची पहिली विवंचना असते ती साधनांची. तक्ते, रंग, कागद यांसाठी ती पुष्कळदा स्वतःच्याच तुटपुंज्या पगाराला हात घालते. या संदर्भात, बालपणाची काही वर्षे इंदूरला घालविलेल्या ताराबाई मोडक यांचे स्मरण उचित ठरेल. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी, खेड्याला न परवडणारी. मग पद्धत सोडावी, की गरिबांची मुले सोडावीत? ताराबाईंनी दोन्ही राखले. शिंपले, बिया, खडे, पाने हीच मोजण्याची, रंग ओळखण्याची साधने झाली. ओळखीची वस्तू हाती आली की मुलाला शाळा परकी वाटत नाही, हा मोठा लाभ. १९५७ मध्ये कोसबाडला हीच दृष्टी वारली मुलांपर्यंत पोचली.

तथापि शिक्षिकेच्या कल्पकतेवर सारा भार टाकून समाजाने मोकळे होऊ नये. ग्रंथालयातील बाद झालेले सचित्र अंक, घरातील पाठकोरे कागद सभासदांनी तिच्या वर्गापर्यंत पोचवावेत. उद्याचा वाचक तिथेच घडत असतो.